मी विहिरीत उडी मारली तेव्हा

माझं माहेर सांगलीजवळ, नदीकाठचं. वडिलांनी मला पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवलं. लग्न होऊन कोरेगावच्या बाजूला आले आणि दहा वर्षं पाण्यात उतरले नाही. सासरी उसाच्या रानात मोठी विहीर आहे, पण तिथं पोहायचं ते पुरुषांनी. बाई विहिरीत गेली म्हणजे गावात एकच अर्थ. माझी एक चुलत सासू तशीच गेली होती.

धाकटे दीर उन्हाळ्यात पोरांना पोहायला शिकवायचे. माझी आठ वर्षांची लेक काठावर बसून बघायची. तिलाही शिकवा म्हटलं, तर म्हणाले, पोरीच्या जातीला काय करायचंय, लोक बघतात. नवरा मिलिटरीत. तो म्हणाला, सुट्टीला आलो की बघू. त्याच्या दोन सुट्ट्या आल्या नि गेल्या.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी दीर पोरांना घेऊन विहिरीत उतरले होते. मी पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला आवळली, लेकीला काठावर उभं केलं आणि सरळ उडी टाकली. वर आले तेव्हा ओरडा चालला होता, वहिनी गेली म्हणून. दीर घाईनं माझा दंड धरायला आले.

"हात लावू नका, भावजी. मला येतंय पोहायला. तुमी पोरीला शिकवत न्हाई, म्हणून मीच आले."

तोवर सासूबाई अनवाणी धावत आल्या. मला पोहताना बघून मटकन खाली बसल्या, रडल्या, मग सगळ्यांदेखत मला वाट्टेल ते बोलल्या. मी पाण्यातच हात मारत ऐकत राहिले. दीर म्हणाले, सांग आता हिला बाहेर निघायला.

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तिला येतंय न्हवं? मग शिकवू दे. माझी जाऊ हितंच गेली. पवायला येत असतं तर हात तरी मारला असता तिनं."

दीर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. कुणीतरी नवऱ्याला व्हिडिओ धाडला. चारचौघांत असं कशाला, असं त्यानं फोनवर विचारलं. तुमच्या सुट्टीची वाट बघून झाली, असं मी सांगितलं.

लेक पंधरा दिवसांत तरली. आता रविवारी सकाळी गावातल्या चार पोरी आणि दोन सुना येतात. त्या वेळी पुरुषांनी विहिरीवर यायचं नाही, असं मी सांगून ठेवलंय. दोघं-तिघं मुद्दाम येऊन कठड्यावर बसतात. ते बसले तरी आम्ही उड्या मारतो.