खरवडलेली जागा

सरांनी खिशातून अर्धं ब्लेड काढलं आणि माझ्या आईला खरवडायला सुरुवात केली.

भर ज्युरीत, म्हणजे आर्किटेक्चरच्या तोंडी परीक्षेत. भिंतीवर माझी शीट टाचलेली, समोर बाहेरून बोलावलेले दोन आर्किटेक्ट, मागे सगळा तिसऱ्या वर्षाचा वर्ग. ट्रेसिंग पेपरवरची शाई रबराने जात नाही. ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडावी लागते. कुर्र, कुर्र असा आवाज येतो. रोजचाच आवाज. त्या दिवशी तो दातांत शिरला.

माझा गुन्हा काय, तर मी मासळीबाजाराचं डिझाइन केलं होतं आणि त्यात माणूस दाखवला होता. इमारत केवढी आहे ते कळावं म्हणून शेजारी माणूस काढायची पद्धतच असते. बाकीचे सगळे परदेशी पुस्तकांतली माणसं गिरवायचे. कोटातला पुरुष, फुगेवालं पोर, साखळीला बांधलेला कुत्रा. शाळा डोंबिवलीची असो की एसटी स्टँड कल्याणचा, तो कुत्रा सगळ्या शीटांवर ऐटीत फिरायचा. त्याला कधी कुणी हाकललं नाही. मी माझी आई काढली. कासोट्याचं लुगडं, पुढ्यात पाटी, उकिडवी बसून मासे कापणारी.

"शीट स्वच्छ असावी," सर म्हणाले. ते आवाज कधी चढवायचे नाहीत. पेठेतल्या माणसासारखं सावकाश, शुद्ध बोलायचे. "प्रमाणासाठी माणूस हवा, हे बरोबर आहे. पण हे असलं डोळ्यांत खुपतं. वास येतो गं शीटला."

वर्ग हसला. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, ओटे एवढे बुटके का? मी म्हटलं, बायका बसून विकतात म्हणून.

"मग त्यांना उभं राहायला शिकव," सर म्हणाले.

पुन्हा हशा. ब्लेड चालूच होतं. आधी नथ गेली, मग तोंड, मग हात. मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

तो बुटका ओटा मला फुकट सुचलेला नव्हता. पहिल्यांदा मी शिंपल्याच्या आकाराचं छप्पर काढलं होतं. सरांना भारी आवडलं. म्हणाले, "याला म्हणतात कन्सेप्ट." मग एका दुपारी मी आईच्या शेजारी बाजारात बसले. तिच्या पायाखालून घाण पाणी वाहत होतं, डोक्यावर ऊन होतं, आणि माझ्या शिंपल्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. घरी येऊन तो कागद टराटरा फाडला. तिला अंगणात बसवलं आणि टेप लावली. गुडघा किती उंच, हात कुठवर पोचतो, पाटी कुठे ठेवते. ओट्याला मागे उतार दिला, उताराच्या शेवटी गटार. छपराला उत्तरेकडून उजेड, म्हणजे मासळीवर ऊन नाही.

"मना कंला मापतंस गो? झंपर शिवाचा हाय?" आई हसत होती.

"तू कागदावर येनार हायस."

"मंग थांब, नथ घालून येतंय."

ज्युरीनंतर शीट घरी आणली. आईने ती दारात उजेडाकडे धरली. खरवडलेल्या जागी कागद पातळ होतो, तिथून जास्त उजेड येतो. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"हितं मी व्हते ना?"

"व्हतीस."

तिने शीट गुंडाळून माझ्या हातात दिली आणि चुलीकडे गेली. मला त्या माणसाचा इतका संताप आला की जेवण गेलं नाही.

शेवटच्या वर्षी त्याच सरांनी मला त्यांच्या ऑफिसात कामाला बोलावलं. थिसिसचे, म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रकल्पाचे, गाईडही तेच. "तुझी रेघ स्वच्छ आहे," म्हणाले, "आणि ब्लेड तुझ्यासारखं कुणाला चालवता येत नाही." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कोळ्याची पोर आर्किटेक्टच्या ऑफिसात बसणार होती. ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, टाळं लागलेल्या एका कारखान्याच्या माडीवर. खाली गेटपाशी जुने कामगार नुसतेच बसलेले असायचे. आम्ही वर जाताना ते आमच्याकडे बघायचेही नाहीत. मला तो जिना कधी आवडला नाही.

आमचा कोळीवाडा कोलशेतच्या पुढे, खाडीला लागून. वाड्यापुढे मोठं मोकळं खळं. तिथे जवळ्याची बारीक मासळी वाळते, जाळी विणली जातात, ओहोटीला होड्या ओढून लावतात, लग्नाचा मांडवही तिथेच पडतो. कुणा एकाच्या नावावर नाही, म्हणून सगळ्यांचं. त्या वर्षी चांगल्या कपड्यांतली काही माणसं आली. मोजणीची साखळी टाकली, दुर्बिणीतून बघितलं, दगडांवर आणि जमिनीवर चुन्याच्या खुणा केल्या. आईने त्यांना पाणी दिलं. ते प्यायले, पण काय मोजताय ते कुणी सांगितलं नाही.

जवळ्याचे दिवस आले की आमच्या बायका सगळ्या मिळून खळं शेणाने सारवतात. त्यांनी चुन्याच्या खुणांवरूनही सारवून टाकलं. त्यांना वाटलं, पोरांचा खेळ असेल. मग ती माणसं परत आली आणि त्याच जागी लोखंडी खुंट्या ठोकून गेली. आईने दोन खुंट्यांना दोरी बांधली आणि जाळं वाळत घातलं. "बरा झाला, बांबू रोवाचा वाचला," म्हणाली.  असल्या खुंट्या नव्या बांधकामाची हद्द आखायला ठोकतात हे मला मात्र ऑफिसात बसून कळायला लागलं होतं, पण ऑफिसातलं नवं काम कुठल्या जागेचं ते तिथे कुणी बोलत नव्हतं.

एका सकाळी सरांनी माझ्या टेबलावर सर्व्हेची मोठी शीट पसरली. माझी नजर आधी खाडीच्या रेघेवर गेली. ते वळण मी डोळे मिटून काढलं असतं. देऊळ होतं. आमची आळी होती. खळं होतं, त्याच्या कडेला होड्या, एकेक होडी नीट काढलेली.

"खाडीकिनारी टॉवर येणार आहेत," सर म्हणाले. "हे देऊळ राहू दे, देवळाने शोभा येते. होड्या, खळं, ही पुढची घरं, एवढं साफ कर. आणि तिथे 'पडीक जमीन' असं लिही. सुंदर अक्षरात."

"सर, हे आमचं गाव आहे."

"म्हणून तर तुला दिलं." ते हसले. अगदी मायेने हसले. "पुढच्या आठवड्यात गावात नकाशा दाखवायचाय. तू बरोबर असलीस की लोक ऐकतील. त्यांच्यातली शिकलेली मुलगी."

म्हणजे माझी रेघ नको होती. माझी जात हवी होती, खरवडायला.

मी ब्लेड उचललं. पहिल्या होडीवर टेकवलं. कुर्र. एवढासा आवाज, आणि नथ डोळ्यांपुढे आली. आधी नथ, मग तोंड, मग हात. ज्युरीत शीटवरून गेली ती आई. आता ती खरीच जाणार होती, आणि ब्लेड माझ्या हातात होतं.

मी ब्लेड खाली ठेवलं.

"मी नाही खरवडणार, सर."

"अगं, नुसता कागद आहे."

"मग राहू दे की सगळं त्याच्यावर."

 सरांनी चष्मा काढून पुसला. "थिसिसचा विचार केला आहेस ना नीट?" त्यांनी विचारलं. आवाज तेव्हाही चढला नाही.

"केलाय. याच जागेवर करणार आहे."

मी पर्स उचलली आणि त्या जिन्यावरून शेवटची उतरले. खाली बसलेल्यांपैकी एका म्हाताऱ्या कामगाराने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटलं नाही. आमचीही पुढची गत त्याच्यासारखीच होणार, हे तो बघतोय असं वाटलं.

सर गावात आले, ठरल्या दिवशी. देवळापुढे नकाशा लावला. खळ्याच्या जागी कोरा कागद आणि त्यावर 'पडीक जमीन', दुसऱ्या कुणाच्या तरी सुंदर अक्षरात. ब्लेड चालवणारे हात काय, कुठेही मिळतात.

"हितं कं लिवलंय गो?" आईने विचारलं.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. मग अर्थ सांगितला.  बायकांनी तो कोरा कागद बघितला आणि मागे वळून खळ्यावर वाळणाऱ्या जाळ्यांकडे बघितलं.

मग मी माझी शीट लावली. घर न् घर मापलेलं, होडी न् होडी. मधे खळं, त्याच्या कडेला मासळीचे तेच बुटके ओटे, आणि खळ्यावर आई, नथ घालून बसलेली. मासळीबाजाराच्या जुन्या शीटचा खरवडलेला तुकडा कापून मधे चिकटवला होता, आणि आईला मुद्दाम त्या खरवडलेल्या जागेवरच काढलं होतं. खरवडलेल्या जागी पुन्हा शाई लावायची तर आधी नखाने घासून कागद गुळगुळीत करतात, नाहीतर शाई पसरते. मी घासला नव्हता. शाई पसरली होती, आई सगळ्यांत काळी, सगळ्यांत ठळक दिसत होती.

सर जवळ आले. "शीट अस्वच्छ आहे," हळूच म्हणाले. "ज्युरीला मी असेन, लक्षात ठेव."

ते ज्युरीला होते. मी नापास झाले. वर्ष गेलं. खुंट्यांच्या ओळीने आता पत्र्याचं कुंपण येतंय, आमच्या शेवटच्या घरापर्यंत आलंय. रोज सकाळी थोडं पुढे सरकलेलं दिसतं.

मी तीच शीट घेऊन पुन्हा ज्युरीला बसणार आहे. पुन्हा नापास केलं तर पुन्हा. ओटा बुटकाच राहील. आई बसलेलीच राहील, कागदावरही आणि खळ्यावरही. तिच्या शेजारी आता मी बसते, आमच्या आळीतल्या सगळ्या बसतात. ब्लेड घेऊन या नाहीतर बुलडोझर घेऊन या. आम्ही उठणार नाही.