लेले काकांचे आकडे

घरात नवीन यंत्र आलं की सोबत वॉरंटी कार्ड येतं. ते आपण जपून ठेवतो आणि गरज पडली की ते सापडत नाही. किस्से मात्र न जपताही शिल्लक राहतात. फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर तीन मराठी घरं आहेत. या तीन घरांतल्या यंत्रांचे आता इतके किस्से साठलेत की रविवारी पोह्यांना कोणी पाहुणा आला की "तो घड्याळाचा सांग ना" अशी फर्माईश ठरलेली.

तीन घरं म्हणजे एक आमचं, मी मृणाल आणि माझा नवरा समीर, नोकरीपायी पुण्याहून आलेलो. समोर नसरीन, मूळची सोलापूरची, शाळेत गणित शिकवते. आणि कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये लेले काका. वय सत्त्याहत्तर, इथल्याच एका कारखान्यातून रिटायर झालेले. काकू जाऊन चार वर्षं झाली. एकुलती एक मुलगी गौरी पुण्यात असते, तिचा नवरा बोटीवर आणि मुलगा शिकायला बंगळूरला.

मार्चमध्ये काकांना बाथरूममध्ये चक्कर आली. फारसं लागलं नाही, पण गौरी घाबरली. तिने अट घातली. ती पाठवेल ती सगळी यंत्रं वापरायची, सगळी तिच्या फोनला जोडलेली असतील, आणि एकदा जरी काही गडबड दिसली तरी फ्लॅटला कुलूप लावून पुण्याला यायचं. काकांनी अट मान्य केली, कारण दुसरा इलाज नव्हता. मला एकदा म्हणाले, "पुण्यात मी गौरीचा बाप म्हणून राहीन गं. इथे मी लेले साहब आहे."

तेव्हापासून आम्ही सगळेच त्यांच्या बाजूने यंत्रांवर लक्ष ठेवून होतो.

*

पहिलं आलं घड्याळ. रोज पाच हजार पावलं चालायची, असा गौरीचा हुकूम. उन्हाळ्यात काका कसेबसे तीन हजारांवर पोचायचे, आणि संध्याकाळी फोनवर बोलणी खायचे.

गणपतीत मात्र चमत्कार झाला. पहिल्या दिवशी सात हजार, दुसऱ्या दिवशी नऊ! गौरी खूश. बाबांचे पाय सुटले म्हणून तिने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मलाही कळेना, कारण काका तर दिवसभर आमच्याकडेच मोदकांपाशी बसलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी नसरीनचं लक्ष गेलं. काका घड्याळाच्या हाताने जोरजोरात टाळ्या वाजवत होते आणि आकडा सरसर वर चढत होता. आमच्याकडच्या पाच आरत्या आणि वर मंत्रपुष्पांजली, मग खालच्या मजल्यावरच्या बंगाली कुटुंबाच्या आग्रहाखातर पुन्हा एकदा सगळं.

विसर्जनानंतर पावलं परत तीन हजारांवर आली. गौरीने विचारलं तेव्हा काका म्हणाले, "बाप्पा गेल्यावर जरा थकवा येतोच."

*

ऑक्टोबर संपता संपता हवा बिघडली, तसा गौरीने एअर प्युरिफायर पाठवला. तोही तिच्या फोनला जोडलेला. हवा चांगली असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल.

बाहेर समोरची इमारत धुरात दिसत नव्हती आणि हा पठ्ठ्या खिडकीपाशी हिरवा दिवा लावून शांत बसलेला. पण दुपारी काकांनी आमटीला फोडणी दिली, हिंग-मोहरी तडतडली, आणि तो असा काही घोंघावायला लागला की शेजारच्या फ्लॅटमधले अगरवालजी पंखा बिघडला का, ते विचारायला आले. दोन मिनिटांत पुण्याहून फोन. "बाबा, घरात हवा अतिशय खराब आहे. कुठे धूर झालाय का?"

हे रोजचंच झालं. काका म्हणायचे, आमटी झाली की लेकीचा फोन येतो, आता घड्याळ बघावं लागत नाही.

*

एक माझ्या ऑफिसचा. आठवड्यातून दोन दिवस मी घरून काम करते. मागे वाळत घातलेले कपडे दिसू नयेत म्हणून मी मीटिंगमध्ये मागे एका झकपक ऑफिसचं चित्र लावते. चित्रात फक्त मी दिसते, बाकी सगळं पुसलं जातं.

त्या दिवशी मी गुरुग्रामच्या साहेबांना तिमाहीचा प्लॅन समजावत होते. काकांकडे आमची किल्ली असते. मी उपाशी असेन म्हणून ते साबुदाण्याची खिचडी घेऊन आत आले. मला कल्पनाच नाही. कॅमेऱ्याने काकांना पुसून टाकलं, पण माझ्या खांद्याशी आलेला हात आणि वाटी तेवढी ठेवली.

पंधरा लोक स्क्रीनकडे वाकले. मग साहेब म्हणाले, "मृणाल जी, आपके ऑफिस में नाश्ता अपने आप आता है क्या? हमारे यहाँ तो मशीन की चाय भी नहीं मिलती."

*

बोलणारा स्पीकरही आला. रोज रात्री आठला तो बाईच्या आवाजात सांगतो, दवाई लेने का समय हो गया है. काका लगेच उठतात. "हाँ जी, ले रहा हूँ," असं म्हणून गोळी घेतात, आणि घेतल्यावर परत येऊन "ले ली जी" असंही सांगतात.

एकदा मी त्यांच्याकडे बसले होते. अंधार पडायला लागला म्हणून मी त्या स्पीकरला फटकन म्हटलं, "लाइट जलाओ." दिवा लागला, पण काकांचा चेहरा उतरला. "अशी काय बोलतेस तिच्याशी? दिवसभर घरात तीच असते," ते म्हणाले.

मी त्या यंत्राला सॉरी म्हटलं. खरंच म्हटलं, आणि तेव्हा मला हसू आलं नाही.

*

आमच्या समीरचं प्रकरण वेगळं. त्याला कोणी यंत्र पाठवत नाही, तो स्वतःच विकत घेतो. बोटात अंगठी आहे, ती झोप मोजून शंभरपैकी मार्क देते. सकाळी उठला की आधी फोन बघतो आणि मग ठरवतो की आपल्याला फ्रेश वाटतंय की नाही.

एकदा दहा तास मस्त घोरत झोपला आणि उठून म्हणतो, "एकसष्ट आलेत यार, आज अंग दुखणार." नसरीन चहा प्यायला आली होती. तिने फोन मागून घेतला, आकडा बघितला आणि परत देत म्हणाली, "बिल्कुल काळजी करू नकोस. माझ्या वर्गात एकसष्टवाला पास असतो."

*

आता शेवटचा. हा फर्माईश झाली तरी आम्ही सगळ्यांना सांगत नाही.

दिवाळीनंतर गौरीने रक्तदाब मोजायचं मशीन पाठवलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा आपोआप तिच्या फोनवर. वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला तर तिचा फोन जोरात वाजणार. आणि मग पुणे, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. त्या धास्तीनेच आकडा चढायला लागला. एकशे शेहेचाळीस, मग एकशे एकोणपन्नास.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला काका शालीखाली मशीन लपवून आमच्याकडे आले. "समीर, जरा हात दे. तू व्यायाम करतोस, तुझा चांगलाच असेल."

समीरने हसत दंड पुढे केला. मशीन फुसफुसलं, थांबलं. एकशे बहात्तर.

काकांचा फोन लगेच खणखणला. गौरीने काही ऐकूनच घेतलं नाही. दुपारच्या फ्लाइटने येते, बॅग भरून ठेवा, एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी म्हटलं, काका, आत्ताच्या आत्ता तिला खरं सांगा. पण काकांचं लक्ष समीरकडे होतं. ते त्याला तसेच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दोनदा मोजलं आणि गोळी सुरू केली. परत येताना काकांनी समीरचा हात धरला होता.

चार वाजता गौरी आली. चप्पल न काढता तिने कपाट उघडलं आणि काकांचे स्वेटर बॅगेत भरायला लागली. वाटेत तिने त्यांच्या डॉक्टरांशी बोलून गोळीचा डोसही वाढवून घेतला होता. ते ऐकून काका म्हणाले, "थांब. तो आकडा माझा नव्हता, समीरचा होता. मी फसवलं तुला."

गौरीच्या हातात स्वेटर तसाच राहिला. मग ती खूप बोलली. पावलं खरी होती का, गोळ्या खऱ्या होत्या का, आता कशावर विश्वास ठेवू. मी आणि नसरीन दारात उभ्या होतो, आम्हाला आत जाववेना आणि निघवेना. काका मान खाली घालून सगळं ऐकत होते. मग त्यांनी तिच्यासमोर स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे अडतीस.

गौरी मटकन पलंगावर बसली. कपाळ चोळत होती, चेहरा लालबुंद.

"हात दे," काका म्हणाले.

"मला काही झालेलं नाही, बाबा."

"दे."

त्यांनी पट्टा बांधला. पलीकडे खुर्चीवर पडलेल्या गौरीच्या पर्समध्ये तिचा फोन जोरजोरात वाजायला लागला. काकांनी तिला पाणी दिलं, दहा मिनिटं गप्प बसवलं आणि परत मोजलं. एका मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची कारखान्यातली सवय. फोन परत वाजला. तिसऱ्यांदाही वाजला.

गौरीने फोन बाहेर काढला आणि आमच्यापुढे धरला. बाबांचा रक्तदाब जास्त आहे, ताबडतोब संपर्क साधा, असं तीनदा लिहून आलेलं.

"आणि तिकडे तुझा आकडा कोणाला जातो?" काकांनी विचारलं.

तिने फोन पालथा ठेवला. काकांनी शर्टाच्या खिशातून आपला फोन काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"तुझा आकडा माझ्या फोनवर येईल असं जोडून दे. कसं जोडायचं ते मला येत नाही."