न येणारं उत्तर

नेकनूरच्या पलीकडे आमची जिल्हा परिषदेची शाळा. तिथे राधाकिशनची वैष्णवी तिसरीतच पाचवीची गणितं तोंडी सोडवायची. बावीस वर्षांच्या नोकरीत असं पोर मी पाहिलं नव्हतं. पाचवीत गेली की नवोदयची परीक्षा द्यायला लावायची, हे मी पक्कं केलं. तिथेच तिला तिच्या तोडीची मुलं भेटली असती.

मुलांना मारायचं नाही, हा नियम मी पाळायची. पण जुनी रीत होतीच ना! ज्याला उत्तर येईल, त्यानं न आलेल्यांची नाकं धरून एकेक थोबाडीत द्यायची. म्हणजे मारायचं पोरांनी, बाई नामानिराळ्या. उत्तर रोज वैष्णवीलाच यायचं. जिवाभावाच्या मंजुषापाशी आली की तिचा हात ढिला पडायचा. मी ओरडायची, "लाड नकोत, जोरात!"

एकदा तिची आई गीताबाई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, हिला कुनीच खेळाया घेत न्हाई. घरी आली की लई रडती."

"हुशार मुलांना एकटं राहावंच लागतं, गीताबाई." वाक्य मला फार आवडलं होतं. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

हळूहळू वैष्णवीचा हात वर येईना. विचारलं की खाली बघायची. "न्हाई येत, बाई." मला वाटलं, चढून गेली. तिलाही न आलेल्यांच्या रांगेत उभं केलं. त्या दिवशी उत्तर मंजुषाला आलं, थोबाडीत तिनंच मारली. दुपारी दोघींनी एका ताटात खिचडी खाल्ली. मी ते पाहिलं आणि मला काही कळलं नाही.

नवोदयची परीक्षा देऊन आम्ही बसनं परत येत होतो. मी विचारलं, "किती प्रश्न सोडवलेस?"

"चार."

"चारच? का गं?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तितं गेले तरी मलाच समद्यांला मारावं लागंल न्हं, बाई?"

दुसऱ्याच दिवशी मी ती रीत बंद केली. पण सहावीच्या प्रवेशाची ती परीक्षा एकदाच देता येते.

आता ती सातवीत आहे. परवा फळ्यावर सोपं त्रैराशिक घातलं. कुणाचाच हात वर नाही.

"वैष्णवी, कुणी कुणाला मारणार नाही आता. सांग."

ती मंजुषाशेजारून उठली, उभ्या उभ्याच वहीत आकडे मांडले, खोडले. "आता खरंच न्हाई येत, बाई."

मी तिची वही घेऊन पाहिली. खरंच येत नव्हतं.