हॉर्नचा उपवास

व्हाइटफील्डच्या आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या त्या बेळगावकडच्या गृहस्थांचं नाव मला ठाऊक नाही. आवाज मात्र चांगला ठाऊक आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कुणी मटण सोडतं, कुणी चहा. यांनी यंदा हॉर्न सोडला, आणि त्याची दवंडीही पिटली, अर्थात तोंडानं.

चाळीस दिवस सकाळच्या प्रार्थनेनंतर फाटकातून गाडी काढताना ते अगदी संत झाले होते. पुढे पाण्याचा टँकर आडवा असो की काठी टेकत जाणारी म्हातारी अक्का, हे काचेआडून मंद हसत थांबायचे. अक्काला इतका भरवसा वाटू लागला, की ती त्यांच्या गाडीसमोरच उभी राहून दम खायची.

ईस्टरच्या सकाळी फादर म्हणाले, "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" हे उत्तर सगळ्यांत मोठ्यानं यांचंच. मग बाहेर येऊन गाडीत बसले. फाटकात अक्का नेहमीसारखी दम खात होती. असा काही हॉर्न वाजला, की तिच्या हातातलं, चर्चमध्ये ईस्टरनिमित्त वाटलेलं साखरेचं अंडं पडून फुटलं.

"अहो, निदान आज तरी!" मी काचेवर टकटक केली.

"आजच तर, अण्णा," ते निरागसपणे म्हणाले. "उपवास सुटला की!"

चाळीस दिवस ती गाडी एक बरा माणूस चालवत होता. त्याला यांनी नेमकं ईस्टरलाच पुरलं.

मी यंदा टोमणे सोडले होते. काय करणार, माझाही उपवास सुटला आहे.