गप्प सरांची पाळी

त्यांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द 'गप्प' हा होता. नान्नजच्या माळाशी एस.टी. थांबली, आम्ही मास्तर-बाया खाली उतरलो, आणि परगावच्या विद्यापीठातून आलेल्या त्या उंच, किडकिडीत गृहस्थांनी नमस्काराआधीच ओठांवर बोट ठेवलं. तेव्हापासून ते आमचे गप्प सर. प्राणिशास्त्रातले मोठे जाणकार. पावसाळ्यातल्या रविवारी ते शाळांतून विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा लोकांना माळरान दाखवायला नेत. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

आता माझं ध्यान बघा. अकलूजच्या भरल्या घरातून मी सोलापुरात सून होऊन आले. नवरा रेल्वेत, ड्यूटी होटगीला, घरी आला की झोप. सासू नाही, जाऊ नाही, भांडायलासुद्धा कुणी नाही. संध्याकाळी मी चुलीशी बोलायची. सहलीत चार माणसं भेटतील, मनसोक्त बडबडता येईल, म्हणून हौसेनं नाव घातलं आणि नेमकी गप्प सरांच्या तावडीत सापडले. त्यात नेसले काय, तर लग्नातलं लालभडक इरकल, वर हातभर गजरा. माळावर मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्यानं मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "कुनाचं लगीन हाय व्हय बाई हितं?" सरांनी न बोलता आपली मातकट चादर माझ्या अंगावर टाकली. नटून गेलेली नवरी दिवसभर पोत्यासारखी हिंडली.

सरांचा एक रिवाज होता. माळावर बोलायचं नाही. पण परतीच्या एस.टी.त प्रत्येकानं आपण पाहिलेली एक गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं सांगितलेली चालायची नाही. मी पहिलीच सुरू व्हायची, ती चंडोलापासून शेणकिड्यापर्यंत सगळं उरकूनच थांबायची. अक्कलकोटकडचे स्वामी मास्तर हात जोडून म्हणायचे, "बाई, आमालाबी काही शिल्लक ठेवा की." सरांची पाळी मात्र कधी यायची नाही. "मी काय, रोजचाच," म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

एका रविवारी मी त्यांना छेडलंच. माळढोकाचा नर पावसाळ्यात नाचतो म्हणता, मग आम्हाला का दिसत नाही? सर म्हणाले, त्यांनी तो नाच पाहिला होता, पण दर वेळी एकट्यानं. माणसांचा घोळका दिसला की तो पक्षी गवतात शिरतो. मग म्हणाले, "पूर्वी घरी जाऊन बायकोला सांगायचो. ती गेल्यापासून एकट्यानं पाहिलेलं खरं वाटत नाही हो, बाई. शेजारी कुणीतरी असायला हवं." पुढल्या वर्षी ते निवृत्त होणार होते. मग या सहलीही बंद.

आणि त्याच पावसाळ्यात तो योग आला. आम्ही सगळे बांधाआड पालथे पडलो होतो. समोर नर माळढोक, मान ताठ, पिसं फुलवायच्या बेतात. नेमकी तेव्हाच मला भूक लागली. डब्यात काय असणार, सोलापूरकरांना सांगायला नको: शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. मी पदराआड तोंड लपवून अगदी हळू तुकडा मोडला. त्या निवांत माळावर कुणी वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. पक्ष्यानं मान वळवली, थोरले पंख उघडले आणि गेला. सगळे माझ्याकडे बघतायत. तोंडातला तुकडा चावावा तर पुन्हा आवाज, न चावता गिळावा तर घशाला टोचतोय. सर बराच वेळ तो गेला त्या दिशेला बघत राहिले. मग माझ्यापुढे हात पसरून म्हणाले, "आता गेलाच आहे, तर मलाही द्या एक तुकडा."

त्या हातानं मला जितकं रडवलं, तितकं कुणाच्या रागानं रडवलं नसतं.

पुढल्या वर्षीची शेवटची सहल सणाच्या तोंडावर आली. स्टँडवर कुणी फिरकलं नाही, स्वामी मास्तरसुद्धा नाही. सर माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मनात आलं, लोक काय म्हणतील. पण नवऱ्यानं सकाळीच सांगितलं होतं, "जा, तेवढीच माझ्या कानांना सुट्टी." मी मातकट लुगडं नेसले होते आणि डब्यात मुद्दाम मऊ भाकऱ्या घेतल्या होत्या.

दोघंच होतो, म्हणून असेल, पण तो आला. शेपटी पाठीवर उभी केली, गळ्याखालची पांढरी पिशवी पार गुडघ्यापर्यंत फुगवली आणि घुमू लागला. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. साऱ्या माळावर तो एकटा, आणि कुणाला तरी हाक मारत होता. सरांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. थोड्या वेळानं वळून बघते, तर ते पक्ष्याकडे बघतच नव्हते. मला दिसतंय ना, एवढंच बघत होते.

एस.टी.त बसल्यावर म्हणाले, "सांगा, बाई." मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. जन्मात पहिल्यांदा. "मग आज माझी पाळी," ते म्हणाले आणि बोलू लागले. तो कसा आला, कसा थबकला, मान कशी मागे टाकली. मी शेजारी बसून पाहिलेलं सगळं मलाच सांगत होते आणि मी प्रथमच ऐकल्यासारखी मान डोलवत होते. सोलापूरला उतरल्यावर मी त्यांना रेल्वे स्टेशनावर सोडायला गेले; त्यांची गाडी हलली तरी ते खिडकीतून बोलतच होते. पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यानंतर आमची भेट नाही.

आता नवरा नाही, मुलं पुण्याला. नात फोनवर म्हणते, आजी, तू फार बोलतेस. माळावर माळढोक राहिले नाहीत, असं लोक सांगतात. कडक भाकरी मी अजूनही खाते; दात नाहीत, म्हणून चहात बुडवून. पण मोडताना हात आपोआप थांबतो आणि मी समोर बघते. मग मोडते. आता कितीही मोठ्यानं मोडली, तरी उडून जायला समोर कुणी नसतं, आणि तुकडा मागायलाही.