आवाज नसलेली बारी

आमच्या घरच्या ग्रुपवर कुणी व्हिडिओ टाकला की त्याला उत्तर म्हणून दुसरा व्हिडिओच टाकावा लागतो. अंगठा, टाळ्या, फुलं असलं काही चालत नाही. हा नियम बाबांनी आणि काकांनी कधी केला ते कुणालाच आठवत नाही, पण तो आला कुठून हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो डबलबारीतून आला.

आमच्या कोकणात भजनाचा सामना असतो, त्याला डबलबारी म्हणतात. दोन बुवा आपापली माणसं घेऊन समोरासमोर बसतात. एकाने आपली बारी गाऊन संपवली की दुसऱ्याने तिला तोडीस तोड उत्तर द्यायचं. काका बुवा, बाबा त्यांच्या पखवाजावर. गिरणी चालू होती तेव्हापासून दोघे भाऊ असेच शेजारी बसत आले. गिरणी गेली, चाळ गेली, बाबा नाहूरला आले आणि काका मालाडला. भेटीगाठी कमी झाल्या. मग फोन आले आणि दोघांनी फोनवरच सामना लावला.

सकाळी बाबा एखादं जुनं नाट्यगीत टाकायचे. त्याला काकांकडून तासाभरात भैरवी यायची. चुलतभावाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याची सगळी भक्ती मशीनवर. तो ड्रोन, इअरफोन, घडी होणारे फोन यांचे व्हिडिओ टाकायचा. मी मुलुंडला राहते, विम्याच्या ऑफिसात काम करते, आणि फॉरवर्ड या प्रकाराचा मला मनापासून तिटकारा आहे. जेवणाच्या सुट्टीत कुठल्या तरी नकलाकाराचा व्हिडिओ टाकून मी माझी बारी उरकत असे. त्यावर बाबा हमखास लिहायचे, "पुचाट."

एका शनिवारी बाबांनी एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा जत्रेतली डबलबारी होती. खाली लिहिलं होतं, "शेवटच्या गजराक कान देवन आयका. असो पखवाज आता आयकाक गावाचो नाय."

मी लावला. बुवा तोंड उघडत होता, टाळ हलत होते, पण आवाज काही येत नव्हता. मी फोनचा आवाज वाढवला, फोन बंद करून चालू केला. तोवर चुलतभावाने लिहिलं होतं, "मोठे काका, आवाजच नाही ना व्हिडिओला."

बाबांचं उत्तर आलं, "तुझो फोन बदल."

"अहो, माझा पण गप्पच आहे," मी लिहिलं.

"मग तुझोय बदल. सगळ्यांका स्वस्तातले फोन व्हये."

झालं. बाबा हटायला तयार नाहीत आणि आमचा चुलतभाऊ हसून हसून बेजार. त्याने आवाज नसलेल्या तबल्याचा एक व्हिडिओ शोधून उत्तरादाखल टाकला. काका मात्र गप्प होते. संध्याकाळी त्यांनी एका पेटीवादकाचा नेहमीसारखा व्हिडिओ टाकला, जणू सकाळी काही घडलंच नव्हतं. ते मला जरा चमत्कारिक वाटलं, कारण बाबांची फिरकी घ्यायची संधी काका सोडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नाहूरला गेले. मुलुंडहून रिक्षा केली की फार वेळ लागत नाही. आई स्वयंपाकघरात होती आणि बाबा खिडकीशी खुर्चीत. मला बघताच म्हणाले, "ये गो, तुका दाखवतंय," आणि फोन हातात घेऊन तोच व्हिडिओ लावला. आवाजाची पट्टी त्यांनी शेवटपर्यंत नेऊन ठेवलेली होती.

व्हिडिओ सुरू झाला. खोलीत कसलाही आवाज नाही. बाबा मात्र रंगून गेले होते. त्यांची बोटं मांडीवर वाजत होती, मान डोलत होती, समेला त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बगलंस तेचो हात?" म्हणाले. "आयकलंस?"

त्याच वेळी आत कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. बाबांची पापणीसुद्धा हलली नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. आईने माझ्याकडे बघितलं आणि गॅस बारीक केला. "कळलं ना?" म्हणाली. "वर्ष होऊन गेलं असेल. आधी टीव्ही मोठा लावायचे, आता तेही करत नाहीत. फोन आला की माझ्याकडे देतात आणि सांगतात, तूच बोल, माका कंटाळो इलो."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"शपथ घातली होती."

मला रडू आलं आणि रागही आला. आमच्या घरात रोज इतकी गाणी इकडून तिकडे जात होती, आणि त्यातलं एकही या माणसाच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. पण कळणार तरी कसं? आता फोन कानाला कुणी लावत नाही. व्हिडिओ आला, व्हिडिओ गेला, की माणूस ठणठणीत. बाबा बोटं बघत होते आणि बोटांवरून त्यांना सगळं कळत होतं. आयुष्यभर पखवाज वाजवलेल्या माणसाला कुठला हात कुठे पडला की काय वाजतं ते सांगावं लागत नाही. त्यामुळे व्हिडिओला आवाज नाही ही एकच गोष्ट त्यांना कळली नाही.

मी बाहेर येऊन त्यांच्या समोर बसले आणि तोंड त्यांच्याकडे करून सावकाश म्हणाले, "बाबा, कान दाखवायचे."

ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते घाबरले. "बुवाक सांगा नको," म्हणाले.

"का?"

"पूजा इली. तेका कळला तर पखवाजार दुसरो बसतलो."

पूजा म्हणजे आमच्या गाववाल्यांच्या मंडळाची वार्षिक सत्यनारायणाची पूजा. भांडुपच्या एका शाळेचा हॉल घेतात, दुपारी प्रसाद, संध्याकाळी डबलबारी. काकांची बारी ठरलेली आणि काकांच्या पखवाजावर बाबा ठरलेले. बाकी वर्षभर बाबा नाहूरमधले एक निवृत्त लिफ्टमन असतात. त्या एका संध्याकाळी हॉलमधली म्हातारी माणसं उठून त्यांना जागा करून देतात. ते गेलं तर त्यांच्यापाशी काय उरणार होतं, हे मला त्यांनी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी बारी अर्ध्यावर असतानाच लोक उठायला लागले होते. काकांची बारी चालू असताना खुर्च्या रिकाम्या होणं आजवर घडलं नव्हतं. "माझो हात चुकत होतो असतलो," बाबा म्हणाले. "माका आयकाक येणा नाय, मगे कळतला कसा? बुवा बोललो नाय, पण तेका कळला असतला."

त्यांची ही खात्रीच झाली होती. आणि त्याच आठवड्यात काकांनी ग्रुपवर लिहिलं, "औंदा पूजेक माका जमाचा नाय. दुसरो बुवा बघा." कारण काही दिलं नाही. चुलतभावाला विचारलं तर तो म्हणाला, "पप्पा विषयच काढू देत नाहीत यार. म्हणतात, झालं तेवढं बस झालं."

बाबांनी तो मेसेज वाचला आणि फोन उलटा करून ठेवला. दादाला तोंडावर नको म्हणता येत नाही म्हणून धाकट्याने स्वतःच अंग काढून घेतलं, असा त्यांनी अर्थ लावला. मी खूप समजावलं. उपयोग झाला नाही. पण एक झालं, कान दाखवायला ते तयार झाले. "आता लपवून तरी काय करूचा हा," म्हणाले.

कानाचं मशीन मिळालं आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं. आईचं बोलणं ऐकू येत होतं, रिक्षा ऐकू येत होत्या, पण पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता. "हेच्यापेक्षा बहिरो बरो," म्हणाले. इथे मला माझ्या चुलतभावाचे पाय धरावेसे वाटले, कारण ज्या व्हिडिओंना मी इतकी वर्षं नावं ठेवली त्यातच एक मला सापडला. कानाच्या मशीनमध्ये बोलणं ऐकायची मांडणी वेगळी असते आणि संगीत ऐकायची वेगळी, आणि ती फोनवरून बदलता येते, असं त्यात एक बाई शांतपणे दाखवत होत्या. मी तो घेऊन बाबांसकट दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने तो बघितला, "हो, करता येईल ना," म्हणाली आणि करून दिलं. आधीच का केलं नाही, हे विचारण्याचा मोह मी आवरला.

घरी आल्यावर बाबा खिडकीशी बसले. आईने पंखा बंद केला. "काय लावू?" मी विचारलं.

"गेल्या वर्साची पूजा लाव. खय चुकलंय ता आयकतंय."

तो व्हिडिओ मंडळातल्या कुणीतरी काढून ग्रुपवर टाकला होता. आम्ही सगळ्यांनी तेव्हा तो जरा वेळ बघून सोडून दिला होता. या वेळी मी पहिल्यापासून बघितला. काका लोकांकडे तोंड करून गातच नव्हते. त्यांनी पेटी तिरकी लावून घेतली होती आणि सगळं गाणं बाबांकडे बघत, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द दाखवत म्हटलं होतं. समेच्या आधी दर वेळी त्यांची मान बाबांसाठी खाली जात होती. तेव्हा सगळे म्हणाले होते, बुवांना आता पब्लिकची पडलेली नाही. काकांना बाबांच्या कानांचं तेव्हाच माहीत होतं.

मी ते बाबांना सांगणार होते. पण बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते. आधी पखवाजाबरोबर त्यांची बोटं मांडीवर हलली, मग थांबली. कपाळावर आठ्या आल्या. काकांचा आवाज वर चढायला गेला आणि फाटला. परत गेला, परत फाटला. खालच्या पट्टीत नुसता श्वास येत होता. आम्ही सगळे तो आवाज हळूहळू ऐकत आलो होतो, त्यामुळे आम्हाला त्याची सवय झाली होती. बाबांनी शेवटचा ऐकला होता तेव्हा तो चांगला होता.

"गेलो गो हेचो आवाज," बाबा म्हणाले. "माका कोणी सांगूक नाय."

व्हिडिओत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. लोक उठत होते. पखवाज चालू होता, अगदी चोख. बाबांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मी तेवढ्यात मनात म्हटलं, चला, निदान यांचं ओझं तरी उतरलं. आता सुटले बिचारे.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि एका बोटाने टाइप करू लागले. बराच वेळ लागला. मग पाठवायच्या आधी फोन माझ्यापुढे धरला. "शब्द बघ, चुकलोहा तर सांग."

ग्रुपवर, सगळ्यांसाठी, त्यांनी लिहिलं होतं: "वरीस झाला, माका आयकाक येणा नाय. कोणाक सांगलंय नाय. गेल्या पूजेक माझो हात चुकत होतो, म्हणान लोका उठली. बुवाचो काय दोष नाय. बुवाचो आवाज हा तसोच हा. आता मी मशीन घेतलंय. बुवान बारी घेवची."

"बाबा," मी म्हटलं, "तुमचा हात एकदाही चुकलेला नाही. तुम्ही आत्ता ऐकलंत ना?"

"माका म्हायत हा," बाबा म्हणाले, आणि पाठवलं.

मग आम्ही तिघेही फोनकडे बघत बसलो. चुलतभावाने वाचलं. काकांच्या नावापुढे ते लिहीत असल्याचं दिसत होतं, थांबत होतं, परत दिसत होतं. शेवटी आलं ते एवढंच: "रविवारी तालीम. दादा, मशीन इसरा नको."

बाबांनी मशीन कानातून काढून डबीत ठेवलं आणि आईला म्हणाले, "रयवारी कणीक वायच जास्ती मळ." पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा लावावा लागतो, त्याशिवाय तो घुमत नाही. आई म्हणाली, मळते. ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिने त्यांच्या समोर येऊन मान हलवली.