भावाबरोबरची संभाजीनगरातली तीन जेवणे

पुण्याहून निघालेली बस सकाळी संभाजीनगरात शिरली तेव्हा निखिल खिडकीबाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचत होता. अरबी, थाई, कोरियन, पुन्हा अरबी. मी मांडीवरची निळी थैली चाचपून पाहत होते. तिच्यात ॲड्रेनालिनच्या दोन काचेच्या कुप्या, सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती. चिपळूण सोडल्यापासून ती मी त्याच्या हातात दिली नव्हती.

निखिल माझा धाकटा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला तीळ चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे नुसते पोट बिघडत नाही. घसा आतून सुजतो आणि श्वास कोंडतो. तो चार वर्षांचा असताना संक्रांतीला हे आम्हाला कळले. तिळाचा लाडू त्याच्या तोंडात मीच घातला होता. तेव्हापासून आमच्या घरात तीळ आला नाही आणि निखिल बाहेर जेवला नाही. शाळा, कॉलेज, सहली, सगळे डब्यावर झाले. आता त्याला शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. तिथले परदेशी साहेब नव्या माणसांना जेवायला बाहेर नेतात, हे त्याला मुलाखतीतच समजले.

"मी तिथे डबा उघडून बसू का, ताई?" त्याने विचारले. "आधी आपण दोघे जाऊन बघू."

माझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मी हो म्हटले, ते बरोबर मी असेन एवढ्याच भरवशावर.

सिडकोतल्या खोलीकडे नेणारा रिक्षावाला बोलका होता. "शेंद्र्याला कोरियावाले आले, जपानवाले आले, त्यांच्यामागं त्यांची हाटेलं आली. लई (खूप) तऱ्हेचं खाणं भेटतं आता. आपण तर आपलं नान-खलिया (मटणाचा रस्सा आणि मोठी तंदुरी रोटी)."

"नानवर तीळ असतात का?" निखिलने विचारले.

"कुठं असतात, कुठं नाय. का बरं?"

त्याने सहज सांगितले. निखिलला राहायचे होते ते शहर हे असे होते. कुठे असतात, कुठे नसतात.

पहिले जेवण जालना रोडवर, अरबी हॉटेलात. जमिनीवर गाद्या, मध्ये परातीएवढे ताट, त्यात केशरी भात आणि त्यावर अख्खी कोंबडी. मोठमोठी कुटुंबे एकाच ताटाभोवती कोंडाळे करून जेवत होती, मुले हसत होती, भाताची वाफ वर चढत होती. निखिलने वेटरला दोनदा विचारले. पन्नाशीचा वेटर प्रेमाने म्हणाला, "तीळ? नाही जी. तीळ तो मिठाई में होता है. बेफिकर खाओ."

ताटाबरोबर एक पांढरी चटणी आली. दह्यासारखी दिसत होती. निखिलचा हात तिच्याकडे जाण्याआधी मी त्यात बोट बुडवून जिभेला लावले. एकवीस वर्षांनी ती चव तोंडात आली आणि मी वाटी उचलून शेजारच्या रिकाम्या गादीवर ठेवली. तीळ वाटूनच केलेली होती ती.

निखिलचा चेहरा लाल झाला. सगळे पाहत होते.

"सोमवारपासून कोण चाखणार?" तो हळू आवाजात म्हणाला. "साहेबांना सांगू, थांबा, ताई येतेय?"

तो नुसता कोरडा भात जेवला. बाहेर पडताना त्याने माझ्या खांद्यावरची निळी थैली काढून स्वतःच्या खांद्याला लावली. मी विरोध केला नाही, पण रस्ताभर माझे लक्ष तिच्यावरच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेंद्र्याच्या वाटेवरच्या कोरियन हॉटेलात गेलो. दारातच निखिल म्हणाला, "तू वेगळ्या टेबलावर बस. मी एकटा आलोय असे समज."

मी दोन टेबले सोडून, त्याच्याकडे तोंड करून बसले. समोरच्या भिंतीवर डोंगरांचे चित्र होते. कोपऱ्यात कारखान्याच्या निळ्या सदऱ्यातली चार कोरियन माणसे माना खाली घालून जेवत होती. वाढणाऱ्या मुलीशी निखिल बराच वेळ बोलला. तिने मान हलवली, वहीत लिहिले. भाज्या, भात आणि वर अंडे असलेला दगडी वाडगा आला. वर तीळ नव्हते. निखिलने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि भात कालवला.

तिसऱ्या घासाला त्याने चमचा खाली ठेवला आणि घसा खाकरला.

तो आवाज मला ठाऊक होता. आणखी एकदा खाकरला. मानेवर लाल चट्टे उठू लागले. मी उठून त्याच्यापाशी पोहोचले, थैली उघडली, कुपी हातात घेतली. आणि माझे हात थांबले. दरवर्षी डॉक्टरांसमोर मी ती फोडून दाखवत असे. आता बोटे वळेनात. कुपी गुळगुळीत होती, बोटे घामाने ओली होती, आणि निखिलच्या श्वासाला शिट्टी फुटली होती.

त्याने कुपी माझ्या हातातून काढून घेतली. फोडली, औषध सिरिंजमध्ये ओढले आणि पॅंटवरूनच मांडीत टोचले. मी नुसती पाहत राहिले.

आवाज ऐकून आतून एक दणकट बाई आल्या, कपाळाला घाम, अंगात स्वयंपाकाचा ॲप्रन. त्यांनी निखिलला खुर्चीवर टेकवून बसवले, कॉलरचे बटण काढले आणि कोरियन मालकाला गाडी काढायला लावली. मागच्या सीटवर त्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

"श्वास घे बेटा. हळूहळू. आलंच हास्पिटल," असे त्या वाटभर सांगत होत्या. प्रत्येक सिग्नलला मी त्याच्या छातीकडे बघत होते.

हॉस्पिटलात त्याला ऑक्सिजन लावला, आणखी इंजेक्शने दिली. डॉक्टर म्हणाले, "टोचलं वेळेवर. पण त्रास पुन्हा उसळू शकतो, आज इथंच ठेवू." म्हणजे भीती संपली नव्हती, फक्त बाकावर बसून काढायची होती. त्या बाई माझ्याशेजारी बसून राहिल्या. नाव शबाना, खुलताबादच्या. मालकाच्या बायकोकडून हे जेवण शिकल्या, आता स्वयंपाकघर त्याच बघतात.

"त्यानं विचारलं होतं," मी म्हणाले. माझ्या आवाजात राग होता.

"पोरीला विचारलं. तिनं मला सांगितलं, वर तीळ टाकू नको. मी नाय टाकले." त्या थांबल्या. "भाज्या तिळाच्याच तेलात परतलेल्या असतात, बाई. तीळ खाल्ल्यानं माणूस मरतो हे मला कुणी सांगितलं नाय. सगळे बाहेर विचारतात. आत कुणी येत नाय."

माझा राग कुठे ठेवावा, मला कळेना. मी त्यांचा हात धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी निखिलला घरी सोडले. चौथ्या दिवशी शबानाबींनी जेवायला बोलावले आणि मी नको म्हणायच्या आत तो हो म्हणाला. दौलताबादचा किल्ला मागे टाकून जीप घाट चढली. डोंगर पिवळे पडत चालले होते, कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. एरवी मी उतरून भाव विचारला असता. त्या दिवशी मला फक्त एवढेच दिसत होते, की घाट उतरून हॉस्पिटल गाठायला किती वेळ लागेल.

वेशीच्या आत, दर्ग्याजवळच्या गल्लीत त्यांचे घर. निखिल चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेला. "तेल कुठलं?" "शेंगदाण्याचं. डबा बघ." "मसाला?" "घरचा. खोबरं, खसखस, धणे. एरवी तीळ घालते, आज नाय घातले. पाटा दोनदा धुतला." "कढई?" "नवी काढली."

मी बाहेर पलंगावर बसून ऐकत होते. आत जावे, बोट बुडवून बघावे, असे अंगातून उसळत होते. मी पलंगाची पट्टी धरून बसले. जेवताना मला एकाही घासाची चव कळली नाही, कारण माझे कान त्याच्या घशाकडे होते. त्याने वरण, मेथीची भाजी आणि दोन भाकरी खाल्ल्या. काही झाले नाही. तरी परतीच्या घाटात मी त्याची मान तीनदा पाहिली.

सोमवारी तो कामावर गेला आणि मी चिपळूणच्या वाटेला लागले.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. एका दुपारी मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. आवाज ऐकण्याआधी मी भिंतीला हात टेकला.

"ताई, आज साहेबांबरोबर जपानी हॉटेलात गेलो होतो. आत जाऊन आचाऱ्याला सगळे सांगितले. त्याने सगळ्या बाटल्या बघितल्या आणि म्हणाला, तुझ्यासाठी माझ्याकडे काहीच नाही."

"मग?"

"मग डबा उघडला. साहेबांनी त्यातली बटाट्याची भाजी मागून घेतली."

तो हसत होता. शाळेत सगळे मला विचारत होते, संभाजीनगर कसे आहे? लेणी पाहिली का, किल्ला चढलात का? मी काहीच पाहिले नव्हते. ज्याने माझ्या भावाला जेवायला नाही म्हटले, त्या न पाहिलेल्या आचाऱ्याचे मात्र फोन ठेवताना मी मनोमन आभार मानले. मग घंटा झाली आणि मी वर्गावर गेले.